साहेब, तुम्हीच की!

"लेकुरवाळी बाई तू, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र एकदम कशाला? एकानं प्रश्न पडतात, दुसऱ्यानं ते कुणाला विचारायचे ते कळतं."

सासूबाईंचं हे बोलणं सुनेनं हसण्यावारी नेलं होतं. आज विद्यापीठातल्या वर्गात पाहुणे म्हणून आलेल्या मंत्र्यांनी विचारलं, "अन्याय म्हणजे काय? उदाहरण द्या."

तिच्या बाकावरची मैत्रीण भाबडेपणानं म्हणाली, "साहेब, तुम्हीच की!"

सुनेला हसू आवरलं नाही. मंत्री मात्र हसले नाहीत. "ताई, जरा बाहेर या," म्हणत त्यांच्या दोन माणसांनी मैत्रिणीला गाडीत बसवलं. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

आता तीच गाडी सुनेच्या दाराशी उभी आहे. बाळाला छातीशी धरून ती पडद्याआड उभी आहे. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तुम्ही विद्यापीठाच्या बाजूला जाणार असाल, तर मुलींच्या वसतिगृहात डोकवा हो. मैत्रीण परतली का, तेवढं बघा.