गृहपाठाचं तुणतुणं

मँचेस्टरच्या मराठी मंडळाचा शनिवारचा वर्ग एका चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. पट सहा मुलांचा. चाळीस वर्षं साताऱ्यात पहिली-दुसरीला शिकवून लेकीकडे राहायला आलेल्या सुलक्षणाबाई या वर्गाच्या एकुलत्या एक शिक्षिका. १९८६च्या ऑक्टोबरात मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर चंद्रशेखर त्यांना मोठ्या अदबीनं म्हणाले, "बाई, कमिटीचं म्हणणं असं, की ख्रिसमसपर्यंत पट दहावर गेला नाही तर हा हॉल बॅडमिंटनला द्यावा. तुमचीही दगदग वाचेल."

दगदग वाचवायची बाईंना मुळीच हौस नव्हती. आठवड्याचे उरलेले सहा दिवस त्यांच्याशी बोलायला घरात फक्त वॉशिंग मशीन असायचं.

त्यांनी बाराखडी बाजूला ठेवली आणि मुलांना तुणतुणं करायला सांगितलं. अर्धी करवंटी, बागेतली बांबूची काठी आणि एक तार. "वेडंवाकडं झालं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण ज्याचं त्यानं करायचं."

हे वाक्य घरी पोचेपर्यंत वाटेतच कुठेतरी गळालं. आपल्या लोकांनी या देशात येऊन थंडी सोसली, उकडलेला कोबी सोसला. पण दुसऱ्याच्या मुलाचं तुणतुणं आपल्या मुलाच्या तुणतुण्यापेक्षा सरस व्हावं, हे कसं सोसणार?

पुढच्या शनिवारी सहा तुणतुणी आली, ती चार बापांच्या हातांतून. दोघांची दोन-दोन मुलं वर्गात होती. इंजिनिअर असलेल्या राजीवनं व्हार्निशचे तीन हात दिले होते. डॉक्टर चंद्रशेखर हाडांचे सर्जन. त्यांनी करवंटीला पाडलेलं भोक इतकं गोल होतं, की बाकीच्या बापांचे चेहरे पडले.

"शिल्पा, वाजव बघू," बाई डॉक्टरांच्या आठ वर्षांच्या मुलीला म्हणाल्या.

"केअरफुल हं, तार नाजूक आहे!" डॉक्टर ओरडले.

"मी नाही हात लावत," शिल्पा म्हणाली. "ते डॅडीचा आहे."

"केलं कोणी?"

"तसं तिनंच, बाई. मी फक्त गाइड केलं."

"मी टॉर्च धरला," शिल्पा म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हजेरीपुस्तक उघडलं आणि सहा मुलांच्या खाली चार बापांची नावं शांतपणे लिहिली.

"बसा. गृहपाठ तुम्ही केलात, मग वर्गही तुम्हीच करा. झाले की नाही दहा?"

"अहो बाई, आम्ही? या एवढ्याशा खुर्च्यांवर?"

"बस रे चंद्रशेखर. मागच्यांना दिसत नाही."

पाच मिनिटं बापांनी कुरकुर केली. सहाव्या मिनिटाला कोणाची तार सुरात आहे यावरून त्यांची जुंपली. मुलं मोकळीच होती. शिल्पानं टेबलावरचा दोरा उचलला, आपल्या कोटाचं मोठं बटण पिळून तोडलं, त्याच्या दोन भोकांतून दोरा ओवला आणि गाठ मारली. मागे एकदा बाईंनी दाखवलं होतं तसं. पीळ देऊन दोन्ही हातांनी दोरा ताणला, सैल सोडला, पुन्हा ताणला. बटण गरगरलं आणि भुंग्यासारखं घुमलं. थोड्याच वेळात सहाही कोटांचं एकेक बटण गायब झालं.

आवाज ऐकून डॉक्टरांनी मान वळवली. "ही भिंगरी कुठून आणलीस?"

"मी केला!"

डॉक्टरांचा चेहरा खुलला आणि हात पुढे झाला. "वा! दे इकडे. एक बाजू लांब झालीय, मी नीट करून—"

"चंद्रशेखर! हात मागे."

ज्या हातांकडे अख्खं ऑपरेशन थिएटर श्वास रोखून बघायचं, ते हात मुकाट्यानं पाठीमागे गेले.

"तुझा गृहपाठ," बाई म्हणाल्या. "आठवडाभर त्या बटणाला हात लावायचा नाही."

पुढच्या शनिवारी शिल्पा तोंड पाडून आली. बटण पॉलिश होऊन आरशासारखं चमकत होतं आणि दोऱ्याच्या जागी टाके घालायचा नायलॉन होता, दोन्हीकडे मोजून सारखा. तो पीळच धरेना. भिंगरी मुकी झाली होती.

"दोरा विरला होता, बाई," डॉक्टर पुटपुटले. "मला बघवेना."

बाईंनी पिशवीतून साधा दोरा काढून शिल्पाला दिला. तिनं तो एकाच भोकातून ओवला, मग गुंतवला, मग गाठ सुटली. खुर्चीत अवघडून बसलेले डॉक्टर पाठीमागे स्वतःचीच बोटं पिळत राहिले. चौथ्या खेपेला बटण घुमलं आणि शिल्पानं ते मुद्दाम त्यांच्या कानाशी नेलं.

डिसेंबरात अध्यक्षांनी कमिटीला अहवाल दिला : पट दहा, उपस्थिती उत्तम, वर्ग चालू ठेवावा. सोबत हजेरीपुस्तक जोडावं लागलं. त्यात त्यांच्या नावापुढे बाईंनी लाल शाईनं शेरा मारला होता : "हुशार आहे. दुसऱ्याचं काम करतो. पुन्हा याच वर्गात बसवावा."