यंत्र एकाकडे, पट्टा दुसऱ्याकडे

"अहो, आभाळाकडे बघा जरा! डोळे काय मिटून बसलाय?"

सकाळी नऊच्या सुमाराला विचारूदादाच्या बायकोचा आवाज माझ्या अंगणापर्यंत आला, तेव्हा मी हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांचं खळं माझ्या अंगणाला लागूनच. खळ्यावर कापलेला गहू पसरलेला, पश्चिमेला ढगांचा काळा पट्टा चढत चाललेला, आणि आमचा विचारूदादा पोत्यावर मांडी घालून, हात जोडून बसलेला.

गावाने हे नाव त्याला उगाच ठेवलेलं नाही. देवाला विचारल्याशिवाय हा काही करत नाही. बी आज टाकू का, भिंतीला रंग कुठला लावू, मोजे घालू की नको. देवाला विचारावं हे मीच त्याला रविवारच्या वर्गात शिकवलेलं, त्यामुळे हसायची मला सोय नाही. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच बाकावर बसायचे. धाकटा खोड्या करायचा. थोरल्याला उत्तर बरोबर यायचं, पण लिहायच्या आधी तो हमखास शेजारच्या पाटीवर डोकावायचा.

मागच्या वर्षी दोघे वेगळे झाले. थोरल्याने चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत धाकट्याला 'आयतोबा' म्हटलं आणि तिथून सगळं बिनसलं. शेताच्या मधोमध तारेचं कुंपण आलं. हंडे वाटले, खुरपी वाटली, शिडीसुद्धा करवतीने मधोमध कापली. शेवटी राहिलं मळणी यंत्र. थोरल्याने यंत्र आणि इंजिन घेतलं, तर धाकटा म्हणाला, "मग पट्टा माझा." इंजिनाची फिरकी यंत्राला देणारा तो लांबलचक पट्टा. तो नसला की यंत्र म्हणजे पत्र्याचं कपाट. आणि नुसत्या पट्ट्याने काय मळणार? पण त्या दिवशी दोघांनाही आपण जिंकलो असंच वाटत होतं.

त्यानंतरचा हा पहिलाच गहू. दोघांचाही कापून पडलेला, आणि वर ढग.

"जा ना, पट्टा मागून आणा," बायको म्हणाली.

"देवाला विचारतोय. देवा, मी धाकट्याकडे जावं अशी तुझी इच्छा असेल, तर कोंबडा आरवू दे."

कोंबडा आरवला. असा आरवला की माझ्या सुपातली चिमणी उडाली.

"हा काय, दिवसभर आरवतो," विचारूदादा म्हणाला. "ही खूण धरायची नाही. देवा, ती शेळी सकाळपासून बसलीय. ती उठली तर जातो."

शेळी उठली. अंग ताणलं, आणि कुंपणापाशी जाऊन धाकट्याच्या घराकडे तोंड करून ओरडली.

"भूक लागली असेल तिला," तो म्हणाला.

बायकोने कमरेवर हात ठेवले. "बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "तू बस जरा. अजून व्हायचंय."

आता मात्र विचारूदादाने पक्का बंदोबस्त केला. डोक्यावरची गवताची मोठी टोपी कानापर्यंत ओढली, हनुवटीखाली नाडी बांधली आणि म्हणाला, "देवा, ही टोपी आपणहून धाकट्याच्या अंगणात गेली, तर मी मागोमाग जाईन. शब्द दिला."

वारा आला. आधी भुसा उडाला, मग पोती फडफडली, मग नाडी तुटली. टोपी यंत्रावर आपटली, शेळीच्या पाठीवर टेकली, तिथून उसळून कुंपणावरून गेली आणि गरगरत थेट धाकट्याच्या दारात जाऊन पडली.

बायको हसत हसत गव्हातच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी पदर तोंडात कोंबला होता, पण काही उपयोग झाला नाही.

"वारा पश्चिमेचाच आहे," विचारूदादा पुटपुटला. "टोपी तिकडेच जाणार."

"म्हणजे तुमच्या मनासारखं झालं की देव, आणि नाही झालं की वारा?" बायको डोळे पुसत उठली. मग जवळ आली आणि हळू बोलली. "खरं सांगा. सकाळी डोळे मिटले ना, ते मिटायच्या आधी मनात काय आलं होतं?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"जावं, असं."

"पट्ट्यासाठी?"

"नाही. आयतोबा म्हटलं ना मी त्याला, त्याच्यासाठी. वर्ष झालं. प्रार्थनेला बसलो की तेच समोर येतं."

"मग वर्षभर ते कोण सांगत होतं? कोंबडा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी बघायचा तसंच, उत्तर बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली नाही. यावेळी दुसऱ्याची पाटी नको. तो उठला, अंगावरचा भुसा झटकला आणि तार वर उचलून पलीकडे गेला.

धाकटा दारात उभा होता. हातात टोपी.

"ही तुझी?"

"माझी. ते राहू दे. मी तुला चर्चच्या दारात जे बोललो ते चुकलं. माफ कर मला."

धाकट्याने कान पुढे केला. "काय म्हणालास, दादा?"

"चुकलं म्हटलं."

"जरा मोठ्याने. ही आत आहे, तिला ऐकू गेलं नाही."

"चुकलं!" विचारूदादा इतक्या जोरात ओरडला की इकडे कोंबडा पुन्हा आरवला. आतून धाकट्याची बायको म्हणाली, "ऐकलं हो, भावोजी!" आणि धाकटा, जो वर्षभर तोंड फिरवून चालायचा, तो टोपी भावाच्या डोक्यावर दाबून बसवत म्हणाला, "मीसुद्धा काही कमी बोललो नव्हतो, दादा. चल. पण पट्टा बघ आधी."

पट्टा झाडाला टांगलेला होता. त्याचा झोपाळा केला होता, आणि धाकट्याच्या दोन्ही मुली त्यावर उभ्या राहून किंचाळत झोके घेत होत्या. वर्षभर लोंबकळून पट्टा चांगला दोन हात लांब झालेला.

"उतरा गं!" धाकटा म्हणाला.

"आधी काका झोका देणार!"

काकाने दिला. ढग डोक्यावर आले होते, तरी दिला.

मग एकच धावपळ. पट्टा चढवला तर तो ढिला. इंजिन सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलेलं, ते हलणार नाही. म्हणजे पट्टा ताणायला यंत्रच मागे ओढायला हवं. दोघा भावांनी, दोघी जावांनी, मुलींनी आणि मी म्हातारीनेसुद्धा खांदा लावला. यंत्र हाताहाताने सरकत गेलं आणि तारेला जाऊन टेकलं. पट्टा अजून हातभर ढिलाच.

सगळे तारेकडे बघत उभे राहिले.

"देवाला विचारतोस का, दादा?" धाकटा म्हणाला.

"पक्कड आण," विचारूदादा म्हणाला.

तार कापली. यंत्र अर्धं याच्या शेतात, अर्धं त्याच्या शेतात उभं राहिलं, आणि इंजिन धडधडलं. थोरल्याच्या पेंढ्या, धाकट्याच्या पेंढ्या, कुणाची कुठली हे पाहायलाही वेळ नव्हता. मुली भुशात लोळत होत्या. नाकातोंडात गव्हाची कुसळं, अंगभर खाज, आणि सगळे विनाकारण हसत होते. शेवटचं पोतं आत लोटलं आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजायला लागले. अर्धी टोपली गहू बाहेर राहिला तो भिजलाच. तो शेळीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. विचारूदादा कापलेल्या तारेची भेंडोळी गुंडाळून, डोळे मिटून उभा होता. बायको दारातून म्हणाली, "काय, कुंपण पुन्हा लावू का म्हणून विचारताय?"

त्याने डोळे उघडले, भेंडोळी उचलली आणि गोठ्याच्या माळ्यावर, अगदी मागच्या कोपऱ्यात फेकून दिली.

तेवढ्यात कोंबडा आरवला.

"तू गप रे," विचारूदादा म्हणाला. "तुला कोणी विचारलंय?"