उम्म ऐहमची कॉफी

सुलाफने भावाचा निळा स्वेटर पिशवीत कोंबला, पिशवी फुगली म्हणून परत बाहेर काढला आणि सरळ अंगातच घातला. बाह्या तिच्या बोटांखाली लोंबत होत्या. ऐहमला नेलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि ती पाचची. आज ती सोळाची होती, आणि स्वेटर अजूनही तिच्याहून मोठाच होता.

"येताना तो घालेल," ती म्हणाली. "डोंगरावर थंडी असते."

आई ओट्यापाशी उभी राहून उकळत्या पाण्यातून कोबीची पानं एकेक सोडवत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"बाह्या दुमड. चिखलात भरतील."

खाली होम्स शहराचे रस्ते तीन दिवस झोपले नव्हते. ज्याचं चित्र प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर टांगलेलं असायचं तो हुकूमशहा रातोरात विमानात बसून पळाला होता, आणि डोंगरावरच्या तुरुंगाची दारं लोकांनी उघडली होती. ओरडून ओरडून सुलाफचा घसा बसला होता आणि त्या घोगऱ्या आवाजाचा तिला भलताच अभिमान वाटत होता. घरातल्या सगळ्या खिडक्या तिने सताड उघडल्या होत्या. ती उघडायची, आई येऊन लावायची. स्वातंत्र्यावर दोघींचं झालं ते एवढंच संभाषण.

समोरच्या घरातली उम्म फिरास, म्हणजे फिरासची आई, जिला सुलाफ मावशी म्हणायची, नेहमीप्रमाणे न विचारता आत आली. तिच्या नवऱ्याला ऐहमच्याच वर्षी उचललं होतं. आज तिचा मुलगा फिरास व्हॅन घेऊन डोंगरावर निघाला होता.

"उम्म ऐहम, अगं अजून कोबीच? चल, पुढची सीट धरून ठेवलीय तुझ्यासाठी."

"गुडघे दुखतात माझे."

"गुडघे. गॅसची टाकी घेऊन चार मजले चढतेस तेव्हा कुठे फिरायला जातात ग हे गुडघे?"

आई हसली नाही. "कॉफी घे," एवढंच म्हणाली.

कॉफी सुलाफनेच केली. मावशीला दोन चमचे साखर घालून. आईची वेगळ्या भांड्यात, बिनसाखरेची, वेलची टाकून काळीकुट्ट होईस्तोवर उकळलेली. गोड खाल्लं की आईचे दात ठणकतात. निदान ती तसं सांगायची. ईदला खजूर भरलेली बिस्किटं मात्र मुकाट्याने खायची आणि दातांचं नावही काढायची नाही. भांडं विसळण्याआधी सुलाफने सवयीने बोट बुडवून चाखलं आणि सवयीने तोंड वाकडं केलं.

"विष पितेस बाई तू," मावशी म्हणाली.

आईने कप संपवला, बोटांत धरून दोनदा डावी-उजवीकडे हलवला आणि खाली ठेवला.

जिना उतरताना सुलाफ मुद्दाम मोठ्याने बोलली, वर ऐकू जावं म्हणून.

"सगळ्यांच्या आया गेल्या. कुणी कुणी तर चपला न घालता पळाल्या. आणि हिला कोबी."

"काळीज दगडाचं आहे तुझ्या आईचं," मावशी म्हणाली. "पण कोबी झकास करते हो."

तुरुंगात माणसं फरशा फोडत होती. जमिनीखाली आणखी मजले आहेत, तिथे माणसं अजून जिवंत आहेत, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. सुलाफ भिंतींना तोंड लावून भावाला हाका मारत होती. प्रत्येक हाकेनंतर उत्तरासाठी थांबत होती. बसलेल्या घशातून नाव अर्धंच बाहेर पडत होतं. नंतर ती अंगणात बसली आणि लोकांच्या बुटांखालचे कागद उचलून वाचू लागली. नावं, आकडे, शिक्के. ऐहम कुठेच नव्हता.

मावशीचा नवरा सापडला. एका वहीच्या पानावर, नावापुढे क्रमांक, क्रमांकापुढे आठ वर्षांपूर्वीची एक तारीख. मावशीने पानाचा फोटो काढला. फोटो मोठा करून पाहिला, मग पुन्हा लहान केला.

"आठ वर्षं," परतताना व्हॅनमध्ये ती म्हणाली, "रमजानमध्ये चिंचेच्या सरबताचा एक पेला त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवत होते. वेडी मी."

सुलाफने तिचा हात धरला. पण मनात ती वेगळाच हिशोब मांडत होती, आणि घराचं दार उघडताच तो तिने सांगून टाकला.

"कुठल्याच वहीत नाव नाही त्याचं. म्हणजे दुसऱ्या तुरुंगात असणार. परवा फिरास तिकडे नेतोय."

"पाय धू," आई म्हणाली. "आणि जेव."

"तिथे काय पाहिलं ते विचारणारही नाहीस?"

आईने ताटात कोबीच्या सुरळ्या वाढल्या. तीन तिला, दोन स्वतःला.

"तू त्याची आई आहेस असं वाटतच नाही," सुलाफ म्हणाली.

आईने उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे भाड्याच्या खुर्च्या आल्या. लहान म्हणून सुलाफला आजवर अशा शोकाच्या बैठकीला कुणी नेलं नव्हतं. आज ती काळे कपडे घालून आईशेजारी बसली. मावशीची जाऊ किटली घेऊन फिरत होती आणि बिनकानाच्या छोट्या कपांत घोटघोटभर कॉफी ओतत होती. शोकाच्या घरी कॉफीत साखर घालत नाहीत, हे सुलाफला माहीत होतं. पुस्तकातल्या नद्या माहीत असतात तसं.

"इतकी वर्षं एवढंही करता आलं नाही," मावशी शेजारच्या बाईला सांगत होती. "ज्यांना माणूस गेल्याचं कळवलं त्यांच्याकडून सही घ्यायचे म्हणे. खुर्च्या मांडायच्या नाहीत, कुराण वाचायला कुणाला बोलवायचं नाही, कुणापाशी बोलायचं नाही."

सुलाफने घोट घेतला. वेलची. काळीकुट्ट, उकळून उकळून जड झालेली. तिने तोंड वाकडं केलं आणि तशीच थांबली.

जाऊ पुन्हा फिरत आली. ज्यांना आणखी नको होती त्या बायका रिकामा कप डावी-उजवीकडे हलवून परत देत होत्या. पुरे, म्हणून. आईनेही हलवला.

घरी तर तिच्यापुढे किटली घेऊन कुणीच उभं नसायचं.

सुलाफने आईकडे पाहिलं. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

सकाळी फिरासने खालून व्हॅनचा हॉर्न दिला. सुलाफ खिडकीत गेली, हाताने 'तू जा' अशी खूण केली आणि आत आली. तिने एकच भांडं गॅसवर ठेवलं. साखरेचा डबा उघडला नाही. दोन कप भरले, एक आईपुढे ठेवला, एक आपल्यापुढे, आणि आपला अर्धा पिऊन टाकला.

आईने वाकून तिच्या कपात पाहिलं. मग ती उठली. रस्त्याकडची खिडकी लावली, कडी घातली. स्वयंपाकघरातली लावली. येऊन बसली.

"तू दुसरीत होतीस," ती म्हणाली. "त्याचं ओळखपत्र हातात दिलं, आणि एक कागद. हृदय बंद पडलं म्हणे."

"मला का नाही सांगितलंस?"

"शाळेत सगळं सांगायचीस तू. डब्यात काय होतं तेसुद्धा."

"आणि आता? पळाले ते, आई. कुणी उरलेलं नाही त्यांचं."

"हो ना." आई कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "सही माझीच आहे पण."

खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कुणीतरी भसाड्या आवाजात गात होतं. सुलाफला खूप विचारायचं होतं. त्याला कुठे पुरलं. त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा आई काय करत होती.

"तारीख कोणती होती?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज इतका खाली उतरला होता की ऐकायला आईला पुढे वाकावं लागलं.