ससा दोनची कुपी

मी एक जुनी कुपी आहे. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची, निळ्या झाकणाची. माझ्या अंगावर एक कागदी पट्टी आहे आणि तिच्यावर शाईने लिहिले आहे : 'ससा दोन. कमजोर.' मित्रांनो, हा शब्द अंगावर घेऊन मी एकोणीस वर्षे डीप फ्रीझरच्या तळाच्या कप्प्यात काढली. तेव्हा माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर राग मानू नका.

माझ्या पोटात जे सीरम आहे ते एका पांढऱ्या सशाच्या रक्तातून आले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, याचा अभ्यास त्या प्रयोगशाळेत चाले. पेशींच्या अंगावर काही प्रथिने असतात. ती पुढे होऊन शेजारच्या पेशीला पकडतात. तिथल्या मोठ्या सरांचे ठाम मत होते, की मेंदूभर हे काम एकच प्रथिन करते. एकच डिंक, सगळीकडे तोच. उंदरांच्या मेंदूतून काढलेले ते प्रथिन दोन सशांना टोचले गेले. सशाचे रक्त अशा परक्या पदार्थाची ओळख ठेवते आणि तो पुन्हा भेटला की त्याला धरते. म्हणून त्या रक्ताचे सीरम मेंदूच्या पातळ कापावर टाकायचे आणि वर रंग द्यायचा. प्रथिन जिथे असेल तिथे काप तपकिरी होतो.

कापण्याचे आणि रंगवण्याचे काम एका ताईंकडे होते. केसाहून पातळ काप काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, म्हणून मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून सगळे त्यांना मायक्रॉनताई म्हणत.

ससा एकच्या सीरमने अख्खा काप तपकिरी झाला. सर खूश झाले. ससा दोनच्या, म्हणजे माझ्या सीरमने फक्त एक बारीक थर गडद झाला, बाकी काप कोरा करकरीत. सरांनी उभ्याउभ्या निकाल दिला : सीरम कमजोर. ताईंनी ते काम पुन्हा केले. तीनदा केले. नवे उंदीर, नवे काप, आणि तिन्ही वेळा तोच थर. तेव्हा ताई काप चिकटवलेल्या काचा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, कमजोर असतं तर सगळंच फिकट आलं असतं ना," ताई म्हणाल्या. "इथे एक थर गडद आहे आणि त्याच्या शेजारी काहीच नाही. ही प्रथिनं एकापेक्षा जास्त असतील. पहिल्या सशाने सगळ्यांचं आडनाव ओळखलं, दुसऱ्याने एकाचाच चेहरा ओळखला."

सरांनी काचा उजेडाकडे धरल्यासुद्धा नाहीत. "बाई, तुम्ही कापा, रंगवा. अर्थ लावायला आम्ही आहोत," ते म्हणाले, आणि त्यांनी लेबल लिहायला सांगितले.

ताई काही लेच्यापेच्या नव्हत्या. पण सात वर्षे त्या हंगामी होत्या आणि त्याच महिन्यात त्यांच्या कायम होण्याच्या कागदावर सरांची सही व्हायची होती. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. त्यांनी पेन उचलले. त्यांचे अक्षर एरवी छापल्यासारखे, पण माझ्यावर तो शब्द लिहिताना ते वाकडे आले.

ससा दोनला निरुपयोगी ठरवून मारून टाकले. त्याचे उरलेले सीरम वाया कशाला घालवायचे, म्हणून सरांनी ते ससा एकच्या बाटलीत ओतायला लावले. दोन्ही मिसळली आणि फरक बुडाला. आता प्रत्येक काप सरसकट तपकिरी आणि सरांचे म्हणणे सरसकट खरे. ताईंनी एवढेच केले, की मला एकटीला ओतले नाही. जुन्या डब्यांच्या मागे ढकलले आणि फ्रीझर बंद केला.

त्यानंतर माझी कोणी विचारपूस केली नाही. मिश्रणाच्या कुप्या वरच्या कप्प्यात ऐटीत राहत. परगावच्या पाहुण्यांना त्या भेट म्हणून जात आणि त्यांच्यातल्या सीरमने रंगवलेले काप मासिकांत छापून येत. मी आपली तळाला. फ्रीझरच्या दाराचे रबर फाटले होते. त्याला चिकटपट्टी लावलेली, तीही सुटायची. चिकटण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या विभागात तेवढे एक दार काही चिकटले नाही. बर्फ फार साचला की आम्हाला टेबलावर काढून ठेवत. मग कोणी चहाला जाई, कोणाचा फोन लांबे. मी वितळत असे आणि पुन्हा गोठत असे. दर वेळी माझ्यातले थोडे काहीतरी तुटत होते. ताई कायम झाल्या आणि पुढे निवृत्तही झाल्या. जाताना त्यांनी फ्रीझरवर हात ठेवला, पण दार उघडले नाही. त्याचा राग मला अजून आहे.

मग दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून बातमी आली. मेंदूतली ही प्रथिने एक नव्हेत, ढिगाने आहेत. घराणे एक, पण प्रत्येकाची पकड निराळी, आणि कोणत्या पेशीने कोणाला धरायचे हे त्या पकडीवरून ठरते. सरांनी सभागृहात उभे राहून सांगितले, की आपल्याला ही शंका तेव्हाच आली होती. कोणीतरी पुरावा मागितला. तेव्हा त्यांना ताई आठवल्या आणि त्यांनी स्वतः फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई आल्या. गुडघे धरत खाली बसल्या, डबे सरकवले आणि मला मुठीत घेतले. इतक्या वर्षांत मला कोणी मुठीत घेतले नव्हते. मी रडले असे म्हणणार नाही. वितळले, एवढेच.

त्यांनी नवा काप काढला, माझ्यातला थेंब जपून त्याच्यावर टाकला आणि रंग दिला. सर शेजारी उभे होते. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिले आणि मग बाजूला होऊन सरांना जागा दिली.

काप सगळाच फिकट होता. जिथे तो थर गडद यायचा तिथेही फिकट आणि शेजारीही तेवढाच फिकट.

"पुन्हा करून बघा," सर म्हणाले.

"तेव्हा तीनदा केलं होतं मी," ताई म्हणाल्या. "नीट बघून घ्या, सर. कमजोर असं दिसतं."

मित्रांनो, आता माझे लेबल खरे आहे. कोणाच्या अंगावर असा शब्द लिहायला निघालात, तर आधी काच उजेडाकडे धरून बघा. तेवढीही सवड नसेल, तर निदान फ्रीझरचे दार तरी नीट लावा.