पेन्सिल उचलणारा माणूस

प्रेबेन एकोणतीस वर्षं बाहेरचा परीक्षक होता. दर जूनला, आणि फेरपरीक्षा असल्या की ऑगस्टला, कुठल्या तरी कॉलेजात हिरवं कापड घातलेल्या टेबलामागं बसायचं, समोरचं पोर घामाघूम होताना बघायचं आणि आपल्या चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. या जूननंतर त्यानं कामाला रामराम ठोकला. शिणला होता बिचारा. पण शिणलेल्याला सुखानं बसू देईल ती दुनिया कसली! किर्स्टिने नावाची बाई हात धुऊन त्याच्या मागं लागली. तोंडी परीक्षेत ज्यांची दातखीळ बसते, अशा विद्यार्थ्यांना घरच्या घरी सराव करता यावा म्हणून ती एक अ‍ॅप बनवत होती. पडद्यावर तिला खराखुरा परीक्षक हवा होता.

"नट घेऊन पाहिले," ती म्हणाली. "मेले फार गोड हसतात. तुम्ही आपले नेहमीसारखे बसा."

"म्हणजे मेल्यासारखा?"

"अगदी."

तीन दिवस तो कॅमेऱ्यापुढं बसला. कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं भाषण ऐकत खिडकीबाहेर बघितलं, घड्याळ बघितलं, पेन्सिल उचलून लिहिलं. संध्याकाळी कंबर धरून तो ओडेन्सला, घरी जाणाऱ्या बसमध्ये चढायचा आणि हे कुठून अंगावर घेतलं, असं स्वतःशीच पुटपुटायचा.

किर्स्टिनेनं अ‍ॅपची चौदावी आवृत्ती प्रेबेनच्या देखतच विगाच्या हातात दिली. विगा शिक्षिका होण्यासाठी शिकत होती आणि एकाच तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. संधी तीनच मिळतात. तिसरी, ऑगस्टमधली फेरपरीक्षा, येत्या गुरुवारी होती. ती हुकली की शिक्षण तिथंच संपलं. 'जन्मभर वर्गापुढं बडबडायचं आणि दोन माणसांपुढं बोबडी वळते!' असं भाऊ तिला चिडवायचा.

फोनपुढं विगा छान बोलायची. मग पडद्यावरचा प्रेबेन पेन्सिल उचलायचा आणि ती गप्प. आठ वेळा झालं तसं.

"पेन्सिल काढून टाकते," किर्स्टिने डोळे चोळत म्हणाली. चौदा आवृत्त्यांनी तिचाही जीव मेटाकुटीला आला होता.

"आणि गुरुवारी खोलीतली कोण काढणार?" विगा म्हणाली. मग ती प्रेबेनकडं वळली. "जूनमध्ये तुम्हीच होतात. मी बोलत होते, तेवढ्यात तुम्ही लिहायला लागलात. वाटलं, चुका मोजताय. पुढं शब्दच सुचेना."

प्रेबेननं तिच्याकडं निरखून पाहिलं. हिला आपण नापास केलं होतं आणि हिचा चेहराही आपल्या ध्यानात नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

कुणी तक्रार केली तर दाखवता यावीत म्हणून परीक्षकाला आपली टिपणं वर्षभर जपून ठेवावी लागतात. घरी कपाटातल्या फाइलीत त्याला जूनचा कागद सापडला. तो विद्यार्थ्याला दाखवायची पद्धत नाही. पण आता त्याला कामावरून काढणार तरी कोण? दुसऱ्या दिवशी त्यानं तो विगापुढं ठेवला.

'अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलाचं उदाहरण उत्तम. विचार स्वतःचा. आणखी विचारावं.' त्याखाली कागद कोरा होता.

"चुका कुठायत?"

"चुका लिहीत नाही मी. तू बाहेर गेलीस की परीक्षा घेणाऱ्या तुझ्या शिक्षकाशी तुझ्या गुणांसाठी भांडायचं असतं. म्हणून चांगलं तेवढं टिपून ठेवतो. वाईट काय, लक्षात राहतंच."

विगाला हायसं वाटेल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? जूनपासून अख्खा उन्हाळा मी स्वतःला गाढव म्हणत काढला!"

"परीक्षकानं काही दाखवायचं नसतं, बाळा."

"का?"

"चुकलं माझं," प्रेबेन एवढंच म्हणाला.

किर्स्टिनेनं पेन्सिल तशीच ठेवली. फक्त सराव संपला की चांगलं तेवढं टिपलेला परीक्षकाचा कागद पडद्यावर उलगडेल, अशी सोय केली. बुधवारी विगा पडद्यावरच्या प्रेबेनपुढं तीनदा बोलली. दोनदा अडखळली, एकदा शेवटपर्यंत गेली.

गुरुवारी कॉलेजच्या व्हरांड्यात इतरांचे आईबाप कौतुकाचे कागदी झेंडे आणि केक घेऊन उभे होते. विगानं घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. प्रेबेन एकटाच तिच्यासाठी आला आणि बाकावर बसला. दाराच्या या बाजूला तो एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बसला होता. आतलं काही ऐकू येत नव्हतं. ती बाहेर आली, गुण ठरेपर्यंत उभी राहिली, परीक्षकांनी तिला पुन्हा आत बोलावलं. त्यानं घड्याळ बघितलं.

"पास," ती बाहेर येऊन म्हणाली. "काठावर."

प्रेबेनचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत. विगा त्याच्या शेजारी बसली आणि बूट काढून पाय चोळू लागली.

"बाकीच्यांचे कागद कुठं असतात?"

"कुठल्या बाकीच्यांचे?"

"माझ्यासारख्यांचे. तुम्ही लिहायला लागल्यावर गप्प झाले ते."

"वर्ष झालं की फाडून टाकायचे. नियम आहे तसा."

विगानं त्याच्याकडं पाहिलं. एकोणतीस वर्षं त्यानं पोरांबद्दलचे चांगले शब्द स्वतःच्या हातानं फाडून रद्दीत टाकले होते, आणि ज्यांचे ते होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.