सात सिटा आणि सव्वा मूठ गहू

रविवारी आम्ही दोन गाड्या पाहायला गेलो. एक सात सिटांची, दुसरा विजेवर चालणारा मालाचा टेम्पो. घ्यायची एकच होती.

माझ्या नवऱ्याला, योगराजला, टेम्पो हवा होता. सुरतमधल्या आमच्या डिंडोलीच्या लूमवरचं कोरं कापड पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगायला जातं, आणि भाड्याचा टेम्पो कधीच वेळेवर येत नाही. सासूबाईंना, उषाबाईंना, सात सिटांची हवी होती. श्रावणात आमची कुळाची देवी, कानबाई, बसते ती अमळनेरजवळच्या गावी, त्यांच्या धाकट्या दिराच्या, दगाभाऊंच्या घरी. गुडघ्यांमुळे त्यांना एसटी चढवत नाही. गेल्या वर्षी त्यांची कानबाई चुकली होती.

"जयश्री सायन्सवाली शे. ती सांगी ते खरं," त्या म्हणाल्या.

मी मिलच्या प्रयोगशाळेत काम करते. टेप घेऊनच गेले होते. मोठ्या गाडीची पायरी जमिनीपासून बेचाळीस सेंटिमीटर उंच, टेम्पोची अडतीस.

"मागच्या सिटा दुमडा बेन, कापडाचे ताकेपण मावतील," सेल्समन म्हणाला.

"एक ताका नऊ किलो. साठ ताके म्हणजे आठ-नऊ माणसांचं वजन. रोज चालेल?"

त्याने एसी लावून दाखवला.

टेम्पो भरलेला असला तर एका चार्जिंगमध्ये नव्वद किलोमीटर जातो. गाव दोनशेच्या पुढे. उत्तर मला दिसत होतं. रोजच्या कामाला टेम्पो लागणार, मोठी गाडी वर्षातून चार दिवस. पण टेम्पो म्हणजे आईंना यंदाही कानबाई नाही. ते माझ्या तोंडून निघेना.

"आई, सात सिटांवर कोण कोण बसणार?" मी नुसतं विचारलं.

त्या मोजू लागल्या, पण कानबाईच्या रोटांचे, नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घेतात तसे. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, म्हणून सगळ्यांची नावं त्यांना पाठ. एकेका नावाला हवेत मूठ मिटायची. मी नावापुढे राहण्याचं ठिकाण लिहीत गेले. रामदास डिंडोली. संदीप पांडेसरा. वैभव चलथाण, साखर कारखाना. एकोणीस नावं झाली. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"गावात फक्त दोघं, आई. दगाभाऊ आणि भगवान."

त्यांनी कागदावरच्या एकेका ठिकाणावर बोट टेकवलं. मग योगराजला म्हणाल्या, "दगाले फोन लाव."

फोन स्पीकरवर होता.

"दगाभाऊ, औंदा कानबाई सुरतले बसाडू. सतरा जण आठे सुरतमा, दोन तठे गावमा. कोनी कोनाकडे यावं?"

"वहिनी, सुरतचं पानी लागनं का तुमले? कानबाई गाव सोडी?"

"मानसं गाव सोडी उनात, तिले काय झालं? तिले लेकरं लागतस."

योगराजने फोन आईंच्या आणखी जवळ नेला.

"बरं," दगाभाऊ म्हणाले. "पन स्टेशनवर माले घ्याले कोन येई?"

"योगराज. नवा टेम्पो लई."

"मंग पुढलं सीट मनं. ताक्यांवर नई बठाव मी."

आई हसल्या. मग सेल्समनकडे वळून गुजरातीत म्हणाल्या की अडतीसपण जास्त आहे, एक पायरी जोडून द्या.