सहाशे ओहमचा बहिरेपणा

रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वामनराव बहिरे झाले, ही बातमी झाशीतल्या मराठी घरांत दोन दिवसांत पसरली. त्यात तथ्य नाही हे फक्त वामनरावांना माहीत होतं.

ही २००१ सालची गोष्ट. मुलाने पुण्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतले भारी हेडफोन त्यांना पाठवले. वामनरावांनी ते कॉम्प्युटरला लावले, भजन सुरू केलं आणि म्हणाले, "काही ऐकूच येत नाही."

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी पडद्यावर पाहिलं. आवाजाची पट्टी पार टोकाला होती. "अहो, आवाज फुल आहे!"

"डबीत कोंडलेल्या डासासारखा येतोय."

भाजी आणायला सांगितलं की नवऱ्याला ऐकू येत नाही, हा बाईंचा तीस वर्षांचा संशय होता. आता पुरावाच मिळाला. "माझे कान शाबूत आहेत," असं वामनराव दोनदा म्हणाले. बहिरी माणसं असंच म्हणतात, असं बाईंनी बहिणीला फोनवर सांगितलं. तिसऱ्यांदा वामनराव काही बोलले नाहीत, कारण तोवर भाजी बाई स्वतःच आणू लागल्या होत्या.

रविवारी गणपती मंडळाचे अध्यक्ष केशवराव आले. "क्या हाल है, भैया?" ते कानाशी ओरडले.

"साखर दोन चमचे," वामनराव म्हणाले.

केशवराव निर्धास्त होऊन बाईंकडे वळले. "वहिनी, खरं सांगू? एका परीने बरंच झालं. यंदा हे गाणार नाहीत. दर वर्षी यांचं गाणं सुरू झालं की मी गुपचूप माइक बंद करतो. तरी पुढच्या चार रांगा भोगतातच."

"मला काय सांगता," बाई म्हणाल्या. "मी रोज पहिल्या रांगेत असते."

वामनरावांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता.

संध्याकाळी त्यांची मुलगी उषा आली. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिने आधी हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाहिले.

"आई, मग मीही बहिरी! हे सहाशे ओहमचे आहेत. यांना जोर लागतो. मदरबोर्डवरच्या फुकटच्या साउंडमध्ये तेवढा दम नाही."

तिने कपाटातून जुनं, वीतभर लांबीचं साउंडकार्ड काढलं. थेट स्पीकर जोडता यावेत म्हणून त्यावर छोटा ॲम्प्लिफायर होता. ते बसवल्यावर भजनातली झांज न् झांज वेगळी ऐकू आली.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

"चारही रांगा," वामनराव म्हणाले. मग उषाला म्हणाले, "गेल्या गणपतीतलं माझं रेकॉर्डिंग लाव."

पाच मिनिटं ते डोळे मिटून ऐकत राहिले. आधी कपाळाला आठी पडली, मग खांदे हलू लागले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. "अगं, हे भयंकर आहे! कोणी थांबवलं कसं नाही मला?"

"इतकंही वाईट नाही हो," बाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी केशवराव पेढे घेऊन माफी मागायला आले. पेढे बाईंनी ठेवून घेतले. माफीसाठी मात्र केशवरावांना अर्धा तास ताटकळत बसावं लागलं. वामनरावांच्या कानांवर हेडफोन होते आणि आता त्यांना खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.